वरच्या मजल्यावरचा आवाज आणि उत्तर न देणारा घरमालक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत तुम्ही, बायको आणि आठ महिन्यांचं बाळ राहता. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, त्यातले चार महिने झाले. वरच्या फ्लॅटमध्ये रात्री साडेअकरापासून दीड-दोनपर्यंत स्पीकर, खुर्च्या ओढणं आणि मधूनमधून काहीतरी जड आपटल्याचा दणका. सेक्रेटरी म्हणतात, "तुम्ही भाडेकरू, तुमच्या मालकाला तक्रार करायला सांगा." मालक नाशिकला असतात. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: भाडं थांबवलं तर चालेल का, पोलिसांत जाऊन काही होतं का, आणि सहा महिन्यांचं लॉक-इन (तेवढा काळ घर न सोडण्याची अट) असताना घर सोडलं तर डिपॉझिट मिळेल का.

आधी एकेका ओळीत उत्तरं देते, कारण रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या माणसाला लांबलचक वाचायचा धीर नसतो. भाडं थांबवू नका. पोलिसांचा उपयोग होतो, पण मुख्यतः स्पीकरसाठी. डिपॉझिट परत मिळवता येतं, आणि तुमच्या बाबतीत लॉक-इन मोडायची बहुधा वेळच येणार नाही. तो हिशोब पुढे मांडला आहे.

मी पुण्यात वकिली करते, आणि माझ्याकडच्या कामात भाडेकरार आणि सोसायट्यांची भांडणं बरीच असतात. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा एका दमात सांगतो, "वरचे त्रास देतात आणि मालक काही करत नाही." वाक्य एक असलं तरी भांडणं दोन आहेत. वरच्यांशी तुमचं भांडण आवाजाचं. त्यासाठी तुम्ही त्या घरात राहता एवढं पुरेसं आहे, घर कोणाच्या नावावर आहे हे पोलीस विचारत बसत नाहीत. मालकाशी तुमचा संबंध कराराचा: भाडं, नोटीस, डिपॉझिट. ही दोन्ही एकत्र केली की वरच्यांचा राग मालकावर निघतो आणि भाडं थांबतं. ज्या दिवशी ते थांबतं त्या दिवसापासून कागदावर तुम्ही थकबाकीदार. इतके दिवस गप्प बसलेल्या मालकाचं पहिलं उत्तर मग वकिलाच्या नोटिशीतून येतं.

भाडं थांबवण्याचा सल्ला लोकांना मिळतो कुठून, हेही सांगते. एक तर इंग्लंड-अमेरिकेतल्या भाडेकरूंसाठी लिहिलेलं वाचून. दुसरं म्हणजे आपल्याच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम १४ वरून. घरमालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय तिथे आहे. पण ती गळणाऱ्या छतासाठी, शेजाऱ्याच्या स्पीकरसाठी नाही. शिवाय ती 'भाडेकरू'साठी आहे. आपण बोलताना सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण तुमच्या हातात आहे तो लायसन्सचा कागद. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात, कलम ५२ मध्ये, लायसन्सची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा की तुम्हाला जागा वापरायची परवानगी मिळाली आहे, जागेत हक्क निर्माण झालेला नाही. भाडेपट्ट्यात पट्टेदाराला निर्वेध उपभोगाची हमी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातल्या कलम १०८ ने गृहीत धरलेली असते. तुमच्या करारात तसं स्वतंत्र कलम नसेल तर त्या हमीवर भिस्त ठेवू नका. आणि जिथे ती असते तिथेही तिचा रोख मालकाने किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्याने आणलेल्या अडथळ्याकडे असतो. वरच्या मजल्यावरचा तिऱ्हाईत माणूस तुमच्या मालकाच्या ताब्यात नाही.

(२०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा कोणी तुम्हाला दाखवला, तर तो केंद्राने राज्यांसाठी तयार केलेला नमुना आहे हे लक्षात ठेवा. आपल्याकडे काम चालतं ते १९९९ च्या कायद्यावर.)

म्हणजे मालक पूर्ण मोकळा का? नाही. त्याच्याकडे तुम्हाला हवी असलेली एक गोष्ट आहे, आणि ती मिळवायची पद्धत पुढे येईल. त्याआधी काही गोष्टी तपासा, कारण उत्तर त्यांवर अवलंबून आहे.

करार नोंदवलेला आहे ना? १९९९ च्याच कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. नोंदवलेला असेल, तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं, तर त्यातला शब्दन् शब्द दोघांना बांधतो. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत. बोलताना त्यांनाही सोसायटीच म्हणतात, पण तिथले नियम घोषणापत्रातून येतात आणि सहकार कायद्याखालचे उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, लागू होत नाहीत. नव्या इमारतीत कारभार अजून बिल्डरकडेच असण्याचीही शक्यता असते. पुढचं मी सहकारी संस्था धरून लिहिते आहे.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची: वर राहणारे मालक आहेत की तेही तुमच्यासारखेच लायसन्सवर? वॉचमनला किंवा ऑफिसातल्या मॅनेजरला हे माहीत असतं. लायसन्सवर असतील तर काम बरंच सोपं होतं. जवळजवळ प्रत्येक छापील करारात शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करणार नाही, असं कलम असतं. कोणी ते वाचत नाही, पण असतं. सोसायटीने त्या फ्लॅटच्या मालकाला एक पत्र धाडलं की आपला लायसन्सी, म्हणजे लायसन्सवर राहणारा माणूस, करार मोडतो आहे हे त्याला अधिकृतपणे कळतं, आणि लांब राहणाऱ्या मालकाला सोसायटीच्या पत्राची जेवढी धास्ती असते तेवढी तुमच्या फोनची नसते. जुन्या वाड्यात किंवा चाळीत, जिथे भाडे नियंत्रण कायद्याचे खरे भाडेकरू असतात, तिथे तर शेजाऱ्यांना उपद्रव देणं हे कलम १६ प्रमाणे घर खाली करून घेण्याचं एक कारणच आहे.

आता आवाजाकडे वळू. तुम्ही तीन आवाज सांगितलेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे. खुर्च्यांचा आणि दणक्यांचा आवाज स्लॅबमधून आणि बीममधून येतो. असा आवाज फसवा असतो. थेट वरच्या फ्लॅटमधून वाटतो आणि निघतो तिरक्या बाजूच्या फ्लॅटमधून, कधी दोन मजले वरून. म्हणून तक्रार करण्याआधी एकदा आवाज चालू असताना लिफ्टने वर जा, दारासमोर मिनिटभर उभे राहा आणि खात्री करून घ्या. शक्यतो वॉचमनला सोबत घ्या, म्हणजे साक्षीदारही होतो. चुकीच्या दारावर पहिली तक्रार गेली की पुढच्या खऱ्या तक्रारीला सोसायटीत कोणी किंमत देत नाही.

खात्री झाल्यावर एकदा बोला. रात्री दीड वाजता नाही. रविवारी सकाळी दहा-अकराला, दोघांनी जा, बाळाला घेऊन. "तुमचा आवाज फार होतो" अशी सुरुवात केली की माणूस बचावात जातो. "खाली बाळ आहे, आमची बेडरूम बरोबर तुमच्या हॉलखाली येते, रात्री अकरानंतर काही करता येईल का?" असं विचारलं तर निदान ऐकून घेतात. बहुतेकांना आपल्या खुर्चीचा आवाज खाली किती जातो याची कल्पनाच नसते. खुर्च्यांच्या पायांना लावायचे फेल्टचे तुकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, स्वस्त असतात. माझ्या अशिलांना मी सरळ सांगते, एक पाकीट विकत घेऊन द्या. "आम्ही का द्यायचं?" हा प्रश्न येतोच. कारण खुर्चीच्या आवाजावर कायद्याकडे याहून झटपट औषध नाही. दणका डंबेल्सचा असेल तर रबरी चटईनेही बराच फरक पडतो. बोलून आल्यावर त्याच दिवशी त्यांना एक सौम्य मेसेज टाका: "आज भेटून बरं वाटलं, अकरानंतर काळजी घ्याल असं म्हणालात, आभार." भेट झाल्याचा पुरावा तोच.

यानेही फरक पडला नाही तर नोंदवही सुरू करा. तारीख, आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कसला होता, त्या वेळी काय केलं. एका वहीत, पेनाने, रोजच्या रोज. "रोज रात्री त्रास" या तीन शब्दांनी कोणी हलत नाही, पण दोन-तीन आठवड्यांची पानं समोर ठेवली की कमिटीतला माणूसही चष्मा लावतो. आवाज फोनवर रेकॉर्ड करा, पण तुमच्या घरात उभे राहून. वरच्यांच्या दाराचं, त्यांच्या पाहुण्यांचं किंवा मुलांचं चित्रीकरण करू नका, त्याने तक्रार तुमच्यावर उलटते. रेकॉर्डिंग ज्या फोनवर केलं तो फोन आणि मूळ फाइल जपून ठेवा. पुढे कधी कोर्टात द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर ते देताना अडचण होते. डेसिबल मोजायची ॲप्स तुमच्या अंदाजासाठी ठीक आहेत, पुरावा म्हणून त्यांना फारसं वजन नाही.

स्पीकरच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. रात्री ध्वनिवर्धक आणि वाद्यं वाजवायला बंदी आहे, पण बंद जागेतल्या आतल्या वापराला सूट आहे. वरचे नेमकं हेच म्हणतील: "आमच्या घरात, दारं लावून वाजवतो." त्यांना उत्तर त्याच नियमांत आहे. खासगी साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये, म्हणजे रात्री ५०. दोन माणसं समोरासमोर बसून नेहमीच्या सुरात बोलतात तो आवाज साधारण ६० च्या घरात असतो. यावरून ५० म्हणजे किती कमी ते लक्षात येईल. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज असेल किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग होत असेल तर कोणीही व्यक्ती तक्रार करू शकते, असं नियम ७ म्हणतो. 'कोणीही व्यक्ती' यात मालक, सभासद, भाडेकरू सगळे आले. सेक्रेटरींचं "तुम्ही भाडेकरू" हे वाक्य इथे गळून पडतं. गणेशोत्सवासारख्या सणांना राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. कोणाच्या हॉलमधल्या पार्टीचा तिच्याशी संबंध नाही.

प्रत्यक्षात असं करा. आवाज चालू असताना ११२ ला फोन करा, नंतर नाही. बीट मार्शल येतात, बेल वाजवतात, समज देतात. दोन-तीन वेळा असं झालं की बऱ्याच ठिकाणी स्पीकर थांबतो, कारण पोलिसांची गाडी गेटवर येते हे सगळी सोसायटी पाहते. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज हा दिलेला नसतोच असं समजा. अर्जाची प्रत पिंपरी-चिंचवडच्या पोलीस आयुक्तांना पाठवा, कारण नियमांत 'प्राधिकारी' म्हणून पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेले उपअधीक्षक आणि त्यावरच्या दर्जाचे अधिकारी येतात. आवाज बंद ठेवण्याचा लेखी आदेश काढायचा अधिकार नियम ८ ने दिला आहे तो त्यांना.

ठाण्यात बहुधा "एनसी घेतो" म्हणतील, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. हरकत नाही, घ्या. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला कलम २९२ प्रमाणे शिक्षा आहे ती फक्त दंडाची, जास्तीत जास्त हजार रुपये, आणि गुन्हा अदखलपात्र. दंडाच्या रकमेने कोणी घाबरत नाही. एनसीचा खरा उपयोग पुढे आहे, सोसायटीच्या फाइलला आणि मालकाच्या पत्राला जोडायला. एक सूचना मात्र ऐका: सार्वजनिक उपद्रव म्हणजे आसपास राहणाऱ्या लोकांना होणारा उपद्रव. एकट्या तुमच्या फ्लॅटची तक्रार शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं भांडण दिसते. बाजूच्या किंवा वरच्यांच्या समोरच्या फ्लॅटला त्रास होतच असेल, त्यांच्या सह्या घ्या. दोन सह्यांनी अर्जाचा चेहरा बदलतो.

आता सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं सगळंच चुकीचं नाही. तुम्ही सभासद नाही, सर्वसाधारण सभेत तुम्हाला बसता येत नाही, आणि सहकार कायद्याच्या कलम ९१ खालचा सहकार न्यायालयाचा रस्ता मुळात सभासद आणि संस्था यांच्यातल्या वादांसाठी आहे. आदर्श उपविधींत सभासदाने इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये असा नियम आहे, आणि सभासदाची तक्रार आली की ती कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यायची आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा असंही आहे. पेच सगळा 'सभासदाची' या शब्दापाशी आहे. तुमच्या मालकाकडे आहे म्हटलं ती गोष्ट हीच: त्यांचं सभासदत्व. ते तुम्हाला उसनं मिळालं की सेक्रेटरींची सबब संपते.

बहुतेक जण मालकाला लिहितात ते असं: "सर, वरचे फार त्रास देतात, प्लीज काहीतरी करा." नाशिकला बसलेल्या माणसाने काय करायचं? त्याला वरचे माहीत नाहीत, सोसायटीशी वाकडं घ्यायचं नाही, आणि 'काहीतरी'मध्ये किती वेळ जाईल हे कळत नाही. म्हणून तो मेसेज वाचतो आणि फोन खाली ठेवतो. त्याची बाजू घेत नाही, पण माणसं अशीच वागतात. त्याच्याकडे फक्त एका ओळीचं काम मागा, आणि ती ओळ तुम्हीच लिहून द्या. ईमेलने पाठवा, करारात पत्ता असेल तर त्यावर स्पीड पोस्टनेही, आणि व्हॉट्सॲपवर त्याची पीडीएफ. मजकूर साधारण असा:

"आपल्या फ्लॅटमध्ये मी नोंदणीकृत करारानुसार राहत असून आजपर्यंतचं सर्व भाडं वेळेवर दिलेलं आहे. वरच्या फ्लॅटमधून रात्री उशिरापर्यंत होणाऱ्या आवाजाबद्दल मी आपल्याला (तारखा) रोजी कळवलं होतं. नोंदी आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. सभासदाच्या तक्रारीशिवाय कार्यवाही करता येत नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं आहे. तरी कृपया सोबतचा ईमेल सोसायटीला आपल्या पत्त्यावरून पाठवावा: 'माझ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लायसन्सींची सोबत जोडलेली तक्रार ही सभासद या नात्याने माझीच तक्रार समजून ती कमिटीच्या पुढच्या सभेत घ्यावी आणि निर्णय मला व त्यांना लेखी कळवावा.' हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत आपण हे केलं नाही आणि त्रास चालू राहिला, तर करारातील तरतुदीनुसार घर सोडण्याचा विचार करणं मला भाग पडेल."

शेवटचं वाक्य धमकीच्या सुरात लिहू नका, पण वगळूही नका. मालकाला हलवणारं वाक्य तेच आहे. रिकामा फ्लॅट म्हणजे नवा लायसन्सी, एजंटची दलाली, नवा करार आणि मधल्या काळाचं बुडलेलं भाडं. शिवाय घर भाड्याने दिल्याबद्दल तो सोसायटीला बिनभोगवटा शुल्क भरतो, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. सोसायटी माझ्याकडून जादा पैसे घेते तर माझ्या फ्लॅटची तक्रारही ऐकून घेईल, हा मुद्दा त्याला सुचवून बघा. कंजूष मालकांना तो पटकन पटतो!

मालकाने ती ओळ पाठवली तर सोसायटीकडे रीतसर अर्ज, आवक शिक्क्यासह. नाही पाठवली तरी अर्ज द्याच, तुमच्या नावाने, मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडून. कमिटी बांधील नसली तरी पोलिसांत अर्ज गेलेला आहे आणि शेजारच्या सभासदांच्या सह्या आहेत हे दिसल्यावर गप्प बसणं तिला अवघड जातं. त्यातल्या एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने अर्ज दिला तर उत्तमच, मग तुमच्या मालकाची गरजच उरत नाही.

कोर्टात जावं का? मनाई हुकमासाठी दिवाणी दावा लावता येतो, नाही असं नाही. पण तुमच्या कागदावर कायदेशीर ताबा मालकाकडे असल्याचं कलम असणार, त्यावरून समोरचा वकील तुमच्या दावा लावण्याच्या हक्कावरच बोट ठेवेल, आणि उरलेल्या सात महिन्यांत अंतरिम अर्जाचा निकाल लागला तरी नशीब. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्यासारख्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता जास्त परवडतो. दावा न लावताही तिथे अर्ज देता येतो, ते दोन्ही बाजूंना नोटीस काढून बोलावतात, आणि कोर्टाच्या आवारातून आलेल्या नोटिशीला लोक सहसा येतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमातल्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. करारात तुमच्या पत्नीचं नाव असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करा.

आता लॉक-इनचा हिशोब. चार महिने झाले, दोन उरले. वर सांगितलेलं सगळं करायला, म्हणजे बोलणं, नोंदी, पोलीस, मालकाचं पत्र, कमिटीची सभा, दीड-दोन महिने सहज जातात. तेवढ्यात लॉक-इन संपतं. म्हणून आज चिडून घर सोडलं तर उरलेलं भाडं भरायचा वाद अंगावर घ्याल. हेच दोन महिने कामाला लावले तर एक तर आवाज कमी होईल किंवा तुम्ही बिनवादाचे बाहेर पडाल. फक्त एक बघा: नोटीस लॉक-इन चालू असताना देता येते की ते संपल्यावरच? पहिलं असेल तर पाचवा महिना संपताना महिन्याची नोटीस द्या, सहाव्या महिन्याअखेर मोकळे. दुसरं असेल तर सातवा महिना जाईल. शब्दरचना संदिग्ध असेल तर नोटीस लवकर द्या आणि त्यात कलमाचा क्रमांक लिहा.

बाळाच्या तब्येतीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने आधीच निघावं लागलं तर? "लॉक-इन मोडलं, सगळं डिपॉझिट जप्त" असं मालक म्हणेल. करार अधिनियमाचं कलम ७४ असं सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवीच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. घर लगेच दुसऱ्याला गेलं असेल तर मालकाचं नुकसान किती, हे त्याला सांगावं लागेल. म्हणून निघताना स्वतःहून नवा माणूस शोधून द्यायची तयारी लेखी दाखवा, घर दाखवायला वेळा द्या. आवाजाच्या तक्रारींची फाइलही इथे कामी येते. तुम्ही कारणाशिवाय निघाला नाहीत हे त्यावरून दिसतं. हा भाग मात्र कराराच्या शब्दांवर आणि समोरच्या माणसावर बराच अवलंबून आहे, खात्रीचा आकडा कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. मालकाने लेखी होकार दिला तरच करा. उलट टोकाची चूकही करू नका: डिपॉझिट मिळेपर्यंत मुदत संपल्यावरही घरात बसून राहायचं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहिलात तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि त्या प्रकरणात सक्षम प्राधिकाऱ्यासमोर लायसन्सीची बाजू फार लंगडी असते.

चाव्या देतानाची पद्धत अशी ठेवा. रिकाम्या घराचा खोलीनिहाय व्हिडिओ, भिंती, नळ, पंखे, गीझर सगळं चालू करून. महावितरणच्या मीटरचा फोटो आणि शेवटचं बिल भरल्याची पावती. सामान हलवायला सोसायटीचा गेटपास लागतो, तो आठवडाभर आधी मागा, कारण मालकाची संमती आहे का हे ते विचारतात आणि तुमचा मालक उत्तर देत नाही. रंगकामाचे पैसे कापायचं कलम करारात आहे का ते वाचून ठेवा; नसेल तर एक रुपयाही कापायला होकार देऊ नका. चाव्या आणि डिपॉझिट एकाच वेळी. मालक येत नसेल तर ताबा कोणाकडे द्यायचा हे त्याला ईमेलने विचारा, आणि ज्याच्या हातात चाव्या द्याल त्याची सही घ्या. वॉचमनकडे चाव्या टाकून निघून गेलेल्यांना नंतर "ताबा मिळालाच नाही" हे उत्तर ऐकावं लागतं.

तुमच्या करारातलं लॉक-इनचं आणि नोटिशीचं कलम, नावं-पत्ते वगळून, जसंच्या तसं कळवा. नोटीस कोणत्या तारखेला द्यायची ते मग नेमकं सांगता येईल.